चांदीच्या चमच्याची साक्ष

मंडळी, आपण हाताने जेवणारी माणसे. आमटी भुरकायला वाटी आणि भात कालवायला पाच बोटे, एवढ्यावर आपले पिढ्यान्‌पिढ्या छान भागले. तेव्हा साहेबाच्या टेबलावरच्या चांदीच्या काट्याचमच्यांची कथा आपण कशाला वाचायची, असे कुणी विचारले तर त्यात वावगे काही नाही. पण थोडा धीर धरा. ही गोष्ट जेवणाची कमी आणि खरेखोट्याची जास्त आहे.

इंग्लंडमध्येसुद्धा काटा हा मागाहून आलेला पाहुणा. पूर्वी तिथला माणूस आपली सुरी आणि आपला चमचा जवळ बाळगी आणि बाकीचे काम बोटांनी उरकी. टॉमस कोरियट नावाच्या प्रवाशाने इटलीत लोक काट्याने मांस धरून खातात असे १६११ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिले आणि स्वतः तसे खाऊ लागला, तेव्हा त्याची थट्टाच झाली. १६६० नंतर काटा तिथल्या श्रीमंतांच्या टेबलावर रुळला. चमचा मात्र फार जुना. बाळाच्या बारशाला चांदीचा चमचा द्यायची तिकडे रीतच होती.

आता चांदी म्हटली की लबाडी आलीच. शुद्ध चांदी मऊ. तिचा चमचा वाकेल. म्हणून तिच्यात थोडे तांबे घालावे लागते. पण थोडे म्हणजे किती? इंग्लंडात हे प्रमाण ठरले ते हजार भागांत ९२५ भाग चांदी, उरलेले बहुधा तांबे. यालाच ‘स्टर्लिंग’ म्हणतात. १३०० साली पहिल्या एडवर्ड राजाने कायदा केला, की चांदीची वस्तू नाण्याच्या चांदीपेक्षा हलकी नसावी आणि तपासून तिच्यावर बिबट्याच्या मुखाचा ठसा मारावा. १३६३ साली प्रत्येक कारागिराने आपली खूण उमटवावी असे ठरले.

खरी गंमत पुढेच आहे. कारागीर लबाडी करील म्हणून तपासनीस नेमला. पण तपासनीसच लबाड निघाला तर? १४७८ च्या सुमारास लंडनच्या सोनारमंडळाने यावर तोड काढली. वस्तू मंडळाच्या सभागृहात, म्हणजे ‘हॉल’मध्ये आणायची, तिथे कस पाहायचा आणि दरवर्षी बदलणारे एक अक्षर तिच्यावर ठोकायचे. पुढे एखादा चमचा हिणकस निघाला, तर अक्षरावरून साल कळे आणि सालावरून त्या वेळचा तपासनीस सापडे. ‘हॉलमार्क’ हा आज आपल्या गावच्या सराफाच्या पाटीवर दिसणारा शब्द जन्मला तो त्या सभागृहातून. १५४४ पासून चालत्या सिंहाचाही ठसा आला.

कस पाहण्याची जुनी रीत ऐकण्यासारखी आहे. वस्तूची थोडी चांदी खरवडून घेत, ती तोलत, शिशात गुंडाळत आणि हाडांच्या राखेच्या मुशीत घालून भट्टीत ठेवत. शिसे आणि तांबे मुशीत जिरून जाई. मागे शुद्ध चांदीचा मणी उरे. तो पुन्हा तोलला की हिशेब उघडा पडे. माल खोटा निघाला तर तो तिथल्या तिथे मोडून टाकीत.

म्हणजे पाहा, अक्षर मारले ते चोर पकडण्यासाठी. पण पाचशे वर्षांनी ते उपयोगी पडले इतिहासाला. जुने काटेचमचे जमवणारा शौकीन भिंग घेऊन दांडा उलटा करतो आणि अक्षराचे वळण व भोवतीची चौकट पाहून साल सांगतो. नांगर दिसला तर बर्मिंगहॅम, किल्ला दिसला तर एडिंबरो. ‘एच. बी.’ ही वळणदार अक्षरे दिसली तर बहुधा हेस्टर बेटमन. ही बाई १७६० साली विधवा झाली आणि १७६१ साली तिने नवऱ्याच्या धंद्यात स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवला. पुढे सुमारे तीस वर्षे तिने कारखाना चालवला. तिचे नाव आज जगात टिकले आहे ते या दोन अक्षरांच्या बळावर.

ठशांखेरीज झीजही बोलते. उजव्या हाताने वर्षानुवर्षे खरवडलेला चमचा टोकाशी एका बाजूने झिजतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या चमच्यांवर घराण्याची खूण पाठीवर कोरलेली असते. का? कारण तेव्हा चमचे टेबलावर पालथे मांडत. पुढे ते उताणे मांडू लागले आणि खूणही पुढच्या बाजूला आली.

अर्थात जिथे किंमत तिथे बनावट. जुने काटे दुर्मिळ, म्हणून कुणी जुन्या चमच्याचाच काटा ठोकून काढतो. ठसे खरे, वस्तू खोटी! १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून मध्यमवर्गाच्या टेबलावरही चकाकी आली. त्यांतल्या काही मालावरचे ठसे घाईत पाहणाऱ्याला हॉलमार्कच वाटतात. म्हणून जाणकार आधी वाचतो, मग पाकिटाला हात घालतो.

पण या साक्षीदाराचा मोठा वैरी बनावट करणारा नव्हे. तो आहे भट्टी. १६४२ साली इंग्लंडात यादवी पेटली आणि राजा व पार्लमेंट दोघांनीही चांदीची भांडी गोळा करून सैन्याच्या खर्चासाठी आटवली. त्याआधीची चांदी आज क्वचित दिसते. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या सट्ट्यामुळे चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला, तेव्हाही इंग्लंड-अमेरिकेतले कितीतरी जुने काटेचमचे वजनावर विकले जाऊन वितळले. दोन महिन्यांत भाव कोसळला. चमचे मात्र परत आले नाहीत. २०२५ साली भावाने तो उच्चांकही ओलांडला आहे.

आणि इथे गोष्ट आपल्या उंबऱ्यात येते. आपल्याकडे सरकारमान्य हॉलमार्क सोन्याला २००० साली आणि चांदीला २००५ साली आला. पण भांड्यावर नाव घालण्याची आपली रीत जुनी. आमच्या घरी आजीची चांदीची पळी होती. दांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी आजोबांचे नाव आणि शके घातलेले. मी कॉलेजात असताना ती मोडीत घातली आणि बहिणीचे पैंजण केले. सराफाने तोल चोख केला, घट वाजवी धरली. फसवले कुणी नाही. पण ती पळी कुठल्या साली, कशानिमित्त केली होती, हे आज आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही. मी इतिहास शिकवतो, आणि माझ्याच घरातला कागद मी न वाचता जाळला!

अडीनडीला चांदी मोडावी लागते. त्यात लाज कसली? माझे म्हणणे एवढेच, की मोडण्याआधी ती वाचा. शिक्षक बंधुभगिनींना विनंती, की मुलांना एकदा घरच्या ताटावाट्यांवरची नावे आणि साले वहीत उतरवून आणायला सांगा. चांदीचीच भांडी हवीत असे नाही. तांब्यापितळेवरही नावे असतात. आजीला विचारून ज्याच्या त्याच्यापुढे एक ओळ लिहा: हे कुणी, कुणाला, कधी दिले. मग पळी मोडली, तरी तिची साक्ष वहीत राहील.