निकोलस इफेक्ट : मुलगा गमावलेलं कुटुंब आणि त्याचे अवयव मिळालेली सात माणसं

२९ सप्टेंबर १९९४ ची रात्र. कॅलिफोर्नियातल्या बोडेगा बे या छोट्या गावातलं ग्रीन कुटुंब इटलीत फिरायला आलं होतं. दक्षिणेकडच्या महामार्गावरून त्यांची भाड्याची गाडी सिसिलीच्या दिशेने चालली होती. वडील रेज गाडी चालवत होते, आई मॅगी शेजारी, आणि मागच्या सीटवर सात वर्षांचा निकोलस आणि चार वर्षांची एलेनॉर गाढ झोपलेले.

मागून आलेल्या एका गाडीतून गोळीबार झाला. लुटारूंना ही गाडी दागिने नेणाऱ्या सराफाची वाटली होती, असं नंतर तपासात पुढे आलं. रेज यांनी वेग वाढवला आणि ते निसटले. मुलं उठलीसुद्धा नाहीत, म्हणून सगळे वाचले असंच त्यांना वाटलं. पुढे एका अपघाताच्या ठिकाणी पोलीस दिसले म्हणून त्यांनी गाडी थांबवली. दार उघडल्यावर आतला दिवा लागला, तेव्हा कळलं की निकोलसच्या डोक्यात गोळी लागली आहे.

मेसिनाच्या रुग्णालयात दोन दिवसांनी, १ ऑक्टोबरला, डॉक्टरांनी त्याला मेंदूमृत घोषित केलं. मॅगी यांनी विषय काढला आणि दोघांनी मिळून त्याचे अवयव द्यायचं ठरवलं. ज्या देशात मुलाचा खून झाला, त्याच देशातल्या अनोळखी लोकांना.

निकोलसचं हृदय, यकृत, दोन मूत्रपिंडं, स्वादुपिंडाच्या पेशी आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळं सात इटालियन लोकांना मिळाली. त्यातले चौघे विशीच्या आतले होते. यकृत मिळालेली १९ वर्षांची मुलगी तर कोमात होती, ती वाचेल असं कुणाला वाटत नव्हतं. ती बरी झाली, तिचं लग्न झालं आणि १९९८ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव तिने निकोलस ठेवलं.

इटलीत ही बातमी वणव्यासारखी पसरली. राष्ट्राध्यक्ष भेटायला आले, निकोलसचं पार्थिव घरी नेण्यासाठी सरकारने विमान दिलं. पुढे शंभराहून जास्त रस्ते, शाळा आणि बागांना त्याचं नाव मिळालं. त्या काळी इटली अवयवदानात युरोपातल्या मागच्या देशांमध्ये होता. पुढच्या दहा वर्षांत तिथलं दानाचं प्रमाण साधारण तिप्पट झालं. यालाच 'निकोलस इफेक्ट' म्हणतात. अर्थात सगळं श्रेय एकट्या घटनेला देणं बरोबर होणार नाही. १९९९ मध्ये इटलीने प्रत्यारोपणाचा नवा कायदा केला, राष्ट्रीय पातळीवर यंत्रणा उभी केली. पण यंत्रणा उभी राहिली तरी 'हो' म्हणायचं असतं ते आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाईकांना, आणि त्या वेळी इटलीतल्या बहुतेक घरांना निकोलस माहीत होता.

भेट झाली तेव्हा

काही महिन्यांनी ग्रीन कुटुंब पुन्हा मेसिनाला गेलं आणि निकोलसचे अवयव मिळालेल्या लोकांना भेटलं. रेज हे मूळचे ब्रिटिश पत्रकार. त्यांनी या भेटीबद्दल नंतर बरंच लिहिलं. तोवर 'अवयव मिळालेला रुग्ण' हा त्यांच्यासाठी एक शब्द होता. दार उघडलं आणि समोर माणसं आली, त्यांचे आईवडील आले, भावंडं आली. मुलगा परत आला नव्हता, येणारही नव्हता. पण त्यांच्या निर्णयाला आता चेहरे होते.

दुसऱ्या बाजूलाही सगळं सोपं नसतं. प्रत्यारोपण झालं की माणूस ठणठणीत, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात शरीर नवा अवयव परका समजून त्याच्यावर हल्ला करतं. ते थांबवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आयुष्यभर, ठरलेल्या वेळी घ्याव्या लागतात. त्यामुळे साधा संसर्गही महागात पडू शकतो. सतत रक्त तपासावं लागतं, बाहेरचं खाताना दहादा विचार करावा लागतो. शिवाय मनात एक टोचणी असते : कुणीतरी गेलं म्हणून मी आहे. डॉक्टर आणि समन्वयक समजावतात की तो मृत्यू तुमच्यासाठी झाला नव्हता, तो झालाच होता, दानाचा निर्णय त्यानंतरचा. हे डोक्याला पटतं, पण मनाला पटायला वेळ लागतो. अशा वेळी त्याच गोळ्या खाणारा दुसरा माणूस जास्त उपयोगी पडतो.

म्हणूनच या लोकांच्या खेळांच्या स्पर्धाही होतात. वर्ल्ड ट्रान्सप्लांट गेम्सची सुरुवात १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला झाली. २०२३ ची स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या पर्थला, २०२५ ची जर्मनीतल्या ड्रेस्डेनला झाली. भारतीय खेळाडूही यात जातात. दुसऱ्याच्या मूत्रपिंडावर शंभर मीटर पळणारा माणूस बघणं हे डायलिसिसवर असलेल्या घरासाठी कुठल्याही समुपदेशनापेक्षा मोठं असतं.

आपल्याकडे काय?

योगायोग असा की भारताचा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदाही १९९४ चाच. महाराष्ट्र आणि गोव्यात तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. या कायद्याने मेंदूमृत्यूला मृत्यू म्हणून मान्यता दिली. कोमा आणि मेंदूमृत्यू यांत लोकांची गल्लत होते. कोमातला रुग्ण परत येऊ शकतो, मेंदूमृत्यूनंतर ते शक्य नसतं. छाती हलताना दिसते ती व्हेंटिलेटरमुळे. चार डॉक्टरांचं पथक किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करतं, मगच मेंदूमृत्यू जाहीर होतो. त्यानंतर प्रतीक्षायादीनुसार अवयव कुणाला द्यायचा हे ठरवण्याचं काम मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय समित्या करतात.

दात्याचं कुटुंब आणि अवयव मिळालेला रुग्ण यांची ओळख मात्र आपल्याकडे गुप्त ठेवली जाते. कारण उघड आहे. कुणी पैसे मागू नये, कुणी उपकाराचं ओझं टाकू नये, आणि रुग्ण दगावला तर त्या आईवडिलांना दुसऱ्यांदा मूल गमावल्यासारखं होऊ नये. भीती खरी आहे. पण वर्तमानपत्रात दात्याचं नाव आणि फोटो छापून येतो, कुठलं हृदय कुठल्या रुग्णालयात गेलं तेही येतं, तेव्हा ही गुप्तता कितपत उरते हा प्रश्न आहेच.

इटलीतही १९९९ च्या कायद्याने अशीच बंदी आणली. म्हणजे ग्रीन कुटुंबाला जी भेट मिळाली, ती त्यांच्यामुळेच दान करू लागलेल्या पुढच्या कुटुंबांना मिळेनाशी झाली. नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना रेज यांनी याविरुद्ध मोहीम उघडली. त्यांची मागणी साधी होती : दोन्ही बाजूंची लेखी इच्छा असेल तरच भेटू द्या. २०१८ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय जैवनीतिशास्त्र समितीने या बाजूने मत दिलं.

ज्याला निकोलसचं हृदय मिळालं होतं तो मुलगा तेव्हा १५ वर्षांचा होता. २०१७ मध्ये त्याचं निधन झालं. निकोलस सात वर्षं जगला, त्याचं हृदय त्यानंतर २२ वर्षांहून जास्त काळ धडधडलं.

बोडेगा बेमध्ये निकोलसच्या आठवणीसाठी एक घंटामनोरा आहे. इटलीतल्या लोकांनी पाठवलेल्या शाळांच्या, चर्चच्या, जहाजांच्या अशा सुमारे १४० घंटा त्यावर टांगल्या आहेत. समुद्रावरून वारा सुटला की त्या वाजतात. मधली मोठी घंटा खास ओतून घेतलेली आहे. तिच्यावर निकोलसचं नाव कोरलं आहे आणि सोबत त्या सातही जणांची नावं.