भंडारदऱ्याच्या सहलीची कुळकथा

महाबळेश्वरचं थंड हवेचं ठिकाण गव्हर्नर माल्कमनं १८२८च्या सुमारास वसवलं. माथेरान ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांना १८५०मध्ये गवसलं. दोन्हीकडे साहेब उन्हाला कंटाळून डोंगर चढला आणि त्याच्यामागून बंगले, बाजार आणि पुढं सगळी मुंबई चढली. अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याला मात्र गारवा शोधत कोणी आलं नव्हतं. तिथं आले ते पाणी अडवायला, आणि तेही खूप खालच्या, उन्हानं तापलेल्या शेतांसाठी.

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याची पश्चिम कड सह्याद्रीत घुसलेली आहे. घाटघर, रतनवाडीला पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला शेवगाव-पाथर्डीत लोक ढगांकडे पाहत बसतात. १८७६ ते ७८च्या दुष्काळानं दख्खनचं कंबरडं मोडलं. घाटमाथ्यावरचं पाणी साठवून पूर्वेकडे कालव्यानं न्यायचं, या विचाराला त्यानंतर जोर आला. भाटघर, दारणा आणि भंडारदरा ही धरणं त्याच विचारातून उभी राहिली. रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा शेंडी गावाजवळ दोन डोंगरांमधून निसटते. तिथंच तिला अडवायचं ठरलं. १९१०मध्ये काम सुरू झालं. चुना आणि दगडातली सुमारे ८२ मीटर उंचीची भिंत बांधायला सोळा वर्षं लागली. १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी धरणाचं उद्घाटन केलं. म्हणून धरण झालं विल्सन डॅम, आणि जलाशयाला इंजिनिअर आर्थर हिल यांचं नाव मिळालं.

हा मुलूख मात्र त्या नावांच्या किती तरी आधीपासून महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे याच डोंगरांतल्या देवगावचे. १८४८मध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. बोटीत बसून आर्थर लेक म्हणताना हे नाव आपल्याला आठवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

धरणातलं अकरा टीएमसी पाणी नदीतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून उजव्या-डाव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे. या पाण्यानं माळरानाचा ऊसपट्टा केला. १९५०च्या आगेमागे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो या कालव्यांच्या भरवशावर. सहल हे धरणाचं धाकटं अपत्य आहे. कामासाठी रस्ता झाला, पाटबंधारे खात्याचं विश्रामगृह झालं, पाण्यावरून गार वारा वाहू लागला आणि माणसं मुक्कामाला येऊ लागली. पुढं पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आलं, मग तंबू. घोटीवरून मुंबई आणि नाशिक, संगमनेर-राजूरवरून पुणे आणि नगर. शनिवारी निघून रविवारी परतायला एवढं पुरेसं झालं.

इथल्या सौंदर्याचं वेळापत्रक शेतकरी ठरवतो, हे पाहुण्यांना सहसा ठाऊक नसतं. धरणाच्या पायथ्याशी गोल खडकावरून छत्रीसारखा पसरणारा अंब्रेला धबधबा मोरीतून पाणी सोडलं तरच दिसतो. पावसाळ्यात धरण भरत आलं की तो दिसतो, उन्हाळ्यात मात्र शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं तर. रंधा धबधब्यातही पावसाळा सरल्यावर धरणातून सुटलेलंच पाणी पडतं. श्रीरामपूरच्या उसाला पाणी हवं असतं, म्हणून भंडारदऱ्यात आपल्याला फोटो मिळतो. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्या काठावरच्या वाड्यांना मात्र या पाण्यातलं फार थोडं मिळालं. डोळ्यांदेखत तलाव आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडा, हे तिथल्या बायांनी वर्षानुवर्षं सोसलं आहे. सहलीच्या कुळकथेत हे न लिहिणं अन्यायाचं होईल.

काजव्यांची सहल त्या मानानं अलीकडची. मे अखेरीस, वळवाचे दोन शिडकावे झाले की घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेतच्या रानात हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं उजळतात. नर काजवे मादीला साद घालत लुकलुकतात. एका झाडावरचे हजारो एका लयीत पेटतात आणि विझतात. मृगाचा पाऊस जोरात आला की खेळ संपतो. हा मुलूख १९८६पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, तरी त्या दोन-तीन आठवड्यांत गाड्यांची रांग लागते. हेडलाइटच्या झोतात काजव्यांना एकमेकांची खूण दिसत नाही, जोड्या जुळत नाहीत, आणि पायाखाली माद्या चिरडतात. एका रात्रीच्या हौसेत पुढच्या वर्षीचे काजवे जातात.

म्हणून जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: गाडी गावात लावा, दिवे मालवा, गावातलाच वाटाड्या घ्या आणि त्याच्यामागून पायवाट न सोडता चाला. मुक्काम गावातल्या घरी करा, जेवण तिथल्याच चुलीवरचं घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.