“मीच काहून होऊ इमली?” : कार्टूनमधल्या वाटणीचा इतिहास

मागच्या मे महिन्यात मी जठारपेठेत घरी होते. अकोल्याचा मे म्हणजे सकाळी दहानंतर घराबाहेर पडायची सोय नाही, त्यामुळे गल्लीतली चार-पाच पोट्टी दिवसभर आमच्याच हॉलमध्ये, कूलरसमोर. खेळ ठरलेला : वीर-वीर. एक वीर, एक मॅड मॅक्स, एक चुलबुल गाढव, आणि माझी भाची इमली. तिसऱ्या दिवशी ती रुसून माझ्याकडे आली. “आत्या, मीच काहून होऊ इमली? इमलीले कामच नसते वं काही.”

टीव्हीवरच्या कार्टून मालिकांच्या इतिहासावर मी पीएच.डी. करतेय हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, “यात संशोधन काय करता?” तर हे करते. इमलीला काम का नसतं, ते शोधते.

‘वीर : द रोबोट बॉय’ ही आपल्याकडची, मुंबईत बनलेली विज्ञानकथा मालिका. कॉसमॉस-माया हा तिचा स्टुडिओ, आणि 2013 पासून ती हंगामा टीव्हीवर दिसू लागली. फुर्सतगंज नावाचं गाव, तिथले डॉ. सहाय, त्यांनी बनवलेला रोबोट मुलगा वीर, सोबतीला इमली, चुलबुल नावाचं गाढव आणि गिंटू नावाचा जिन. समोर मॅड मॅक्स, चमकी आणि टिंबकटू. या स्टुडिओमागचे केतन मेहता म्हणजे 1998 मध्ये दूरदर्शनवर मिलिंद सोमणला घेऊन ‘कॅप्टन व्योम’ करणारे. तिथंही नायकाचं नाव हेच मालिकेचं नाव होतं. ही बाब छोटी वाटते, पण नायकाच्या नावाची पाटी दारावर लागली की बाकीचे सगळे त्या घरात भाडेकरू होतात.

यावर पहिलं उत्तर तयारच असतं : लेखक पुरुष, म्हणून मुलींना दुय्यम भूमिका. ते खोटं नाही. पण मला ते अपुरं वाटतं, कारण चुलबुल आणि गिंटू तर मुली नाहीत, आणि त्यांच्याही वाट्याला बहुतेक वेळा गंमतच येते. ही विषम वाटणी समजायला कार्टून बनतं कसं, आणि त्याचे पैसे कोण देतं, तिकडे जावं लागतं.

सुरुवात जपानपासून करू. 1 जानेवारी 1963 ला ओसामू तेझुकांची ‘तेत्सुवान आतोमु’, म्हणजे ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’, तिथल्या टीव्हीवर सुरू झाली. यातही रोबोट मुलगाच : डॉ. तेन्मांचा मुलगा अपघातात जातो, आणि त्याच्या जागी ते यंत्रमुलगा घडवतात. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा होता. आता गणित बघा. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला 12 चित्रं, म्हणजे 25 मिनिटांना 18,000. आठवड्याला 18,000 चित्रं हातानं काढणं कोणालाच शक्य नव्हतं. मग तेझुकांच्या स्टुडिओनं चित्रं कमी केली, तोंड हललं तर फक्त तोंडच हलवलं, आणि एक ‘बँक’ काढली. उडणारा अ‍ॅस्ट्रो एकदा काढला की ते सेल जपून ठेवायचे आणि पुढच्या भागात पार्श्वभूमी बदलून पुन्हा वापरायचे.

आता या बँकेत कोणाचं खातं मोठं होणार? ज्याची दृश्यं दर भागात लागतात त्याचं. नायकाची दृश्यं साठत जातात, म्हणून नायक दाखवणं स्वस्त होत जातं, म्हणून तो आणखी दाखवला जातो. बाजूच्या पात्राला एखाद्या भागात मोठं काम द्यायचं तर त्याचं सगळं नव्यानं काढा. मारवाड्याच्या दुकानात ज्याची उधारी जुनी त्यालाच नवी उधारी मिळते, तसंच काहीसं. लक्ष कुणावर ठेवायचं हा निर्णय अशा वेळी लेखकाच्या टेबलावर कमी आणि कपाटात जास्त होतो.

दुसरा टप्पा अमेरिकेतला, आणि तो माझ्या आधीच्या पिढीनं दूरदर्शनवर पाहिला : ‘ही-मॅन’. फिल्मेशन कंपनीची ही मालिका 1983 मध्ये सुरू झाली. दोन हंगाम, प्रत्येकी 65 भाग. हा 65 आकडा कुठून आला? आठवड्याचे पाच दिवस गुणिले 13 आठवडे. इथंही बँक होतीच. तलवार उचलून होणारं रूपांतर, कॅमेऱ्याकडे धावत येणं, सगळं पुन्हा पुन्हा तेच. पण यात दोन नव्या गोष्टी शिरल्या. एक खेळणी. मालिका मॅटेलच्या बाहुल्यांवर उभी होती, आणि त्या बाहुल्यांत बलदंड पुरुषाचा एकच साचा रंग नि डोकं बदलून कितीतरी पात्रांना वापरला जाई. टीलासाठी मात्र वेगळा साचा करावा लागे. म्हणजे मुलीचं पात्र कारखान्यातही महाग! (पुढे 1985 मध्ये मुलींचा बाजार दिसल्यावर ‘शी-रा’ ही वेगळी मालिकाच काढली गेली.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रोज लागणाऱ्या, कुठूनही सुरू करता येणाऱ्या मालिकेत काहीच कायमचं बदलून चालत नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ‘टीलाज क्वेस्ट’ हा भाग. टीला आपल्या आईच्या शोधात निघते. जिवावरची संकटं झेलते. शेवटी कळतं, की किल्ल्यातली जादूगारीण हीच आपली आई. आणि मग? ती आईच तिची ही आठवण पुसून टाकते. पुढच्या भागात टीला पुन्हा कोरी.

मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा चिडले होते. संशोधक म्हणून पाहिला तेव्हा यात अख्खी उत्पादनपद्धत दिसली. टीलाला एका भागापुरता पूर्ण वेळ मिळाला. मिनिटं मोजली तर तिला न्याय मिळाला असंच म्हणावं लागेल. पण तिच्या हाती काही उरलं नाही. म्हणून मी आता फक्त पडद्यावरचा वेळ मोजत नाही. निर्णय कोण घेतं तेही बघते, आणि घडलेलं पुढच्या भागात कोणाला आठवतं तेही.

आठवणीच्या बाबतीत आमची पिढी फार तक्रार करू शकत नाही म्हणा. लहानपणी विदर्भात भारनियमन इतकं होतं की कोणताच भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिल्याचं मला आठवत नाही. मधूनच लाइन जायची. काहीच न बदलणारी मालिका आमच्यासारख्यांना सोयीचीच होती, कुठूनही धरा.

तर ‘वीर’कडे परत. ही थ्रीडी मालिका, इथं सेल नाहीत. पण बँक गेलेली नाही, तिचं रूप बदललंय. पात्राचं मॉडेल करायचं, त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवायचा (याला रिग म्हणतात), चालणं-धावणं-हसणं साठवून ठेवायचं. साधारणपणे या धंद्यात नायकाच्या चेहऱ्यावर जास्त हावभाव बांधले जातात, बाजूच्यांच्या कमी. मग रडायचा प्रसंग आला की कॅमेरा कोणाकडे वळणार हे ठरल्यात जमा. त्यात भाग लहान, आणि चॅनलवर ते उलटसुलट क्रमानं पुन्हा पुन्हा लागणार. टीलाची जी अडचण होती तीच इमलीची.

पण हे सगळं अटळ होतं, असं म्हणून स्टुडिओवाल्यांना सोडून द्यायला मी तयार नाही. कारण मुंबईतच याच्या आधी उलटं घडलं होतं. 1956 मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात कामाला लागलेले राम मोहन पुढे युनिसेफच्या ‘मीना’शी जोडले गेले. नव्वदच्या दशकातली ही मालिका, दक्षिण आशियातल्या मुलींसाठी. मीना, तिचा भाऊ राजू आणि मिठू पोपट. विज्ञानकथा नव्हे, अगदी गावातली गोष्ट. त्यातला आंब्याच्या वाटणीचा भाग आठवा : मोठा वाटा राजूला, लहान मीनाला, आणि मग दोघं एक दिवस कामांची अदलाबदल करतात. वाटणीच्या विषमतेवरच गोष्ट! इथंही हातानंच चित्रं काढायची होती, खर्च इथंही होता. फरक एवढाच, की पैसे देणाऱ्याला मीनाच मध्यभागी हवी होती. बँक मग मीनाच्या दृश्यांची भरली.

‘डोरेमॉन’बद्दल आत्ता एकच सांगते, कारण त्यावर वेगळं लिहायचंय. मूळ गोष्टीच्या सुरुवातीला नोबिताचं लग्न जियानच्या बहिणीशी होणार असतं, आणि डोरेमॉन आल्यानं ते भविष्य बदलून तिथं शिझुका येते. भविष्य नोबिताचं सुधारलं. शिझुकाला कोणी विचारलं नाही.

भाचीला यातलं काही सांगितलं नाही. तिचा प्रश्न तिनंच सोडवला होता. दोन दिवसांनी बघते तर डोक्याला आजीचा काळा स्कार्फ बांधून सोफ्यावर उभी, आणि बाकीची पोट्टी खाली चटईवर. “आज मी मॅड मॅक्स हाओ,” ती म्हणाली. “त्याच्याशिवाय गोष्टच सुरू होत नाही ना.”

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. निर्णयांच्या हिशेबानं मोजलं तर खलनायकाचा वाटा मोठा निघतो : योजना त्याची, यंत्र त्याचं, वीर फक्त धावून जातो. माझ्या तक्त्यात मी खलनायकाला ‘इतर’ या रकान्यात टाकलं होतं. आता सगळे भाग पुन्हा पाहावे लागणार आहेत, आणि गाईडना तसं कळवायचं आहे.