शिट्टीच्या आधी

कुकरची शिट्टी म्हणजे डाळ शिजत आल्याची खूण, असं आपण धरून चालतो. खरं तर ती जादा वाफेची सुटका आहे.

१६७९ साली दनी पापँ या फ्रेंच माणसानं लंडनच्या रॉयल सोसायटीला घट्ट झाकणाचं एक जाड भांडं दाखवलं. वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, आणखी तापतं. आजच्या कुकरमध्ये साधारण १२० पर्यंत. पापँच्या भांड्यात हाडंसुद्धा मऊ व्हायची. १६८२ मध्ये सोसायटीच्या सभासदांनी त्यात शिजलेलं मांस-मासे खाल्ले. जॉन एव्हलिननं डायरीत त्याचं कौतुक केलंय.

पण कोंडलेली वाफ भांडं फोडूही शकते. म्हणून पापँनं झाकणातल्या भोकावर वजन टांगलेली दांडी बसवली. दाब वाढला की ती उचलली जायची. माझ्या मते त्याचं मोठं काम हे, भांडं नव्हे. चूक होणारच असं धरून तिची वाट आधीच काढून ठेवणं आम्हा कोड लिहिणाऱ्यांना अजून धड जमत नाही! पुढे बॉयलरनाही हीच झडप लागली. पापँ मात्र लंडनमध्ये कंगाल अवस्थेत गेला.

१९५९ मध्ये मुंबईत हॉकिन्स सुरू झाली. हळूहळू आपण त्या सुटकेचंच घड्याळ केलं. भाताला तीन, छोल्यांना सहा. गॅस मोठा ठेवला तर सहा शिट्ट्या भराभर होतात आणि छोले कच्चेच राहतात.