तळटीप १७ : ‘/व्हार/रन’ हा जुना मार्ग
१७. लिनक्समधल्या या डिरेक्टरीची जागा आता ‘/रन’ने घेतली आहे, २०१५ च्या फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डच्या ३.० आवृत्तीत तशी नोंद आहे. जुना मार्ग बहुतेक ठिकाणी नव्याकडे नेणारी सिम्बॉलिक लिंक म्हणून उरला आहे. खुलताबादच्या वाचकाला हे परके वाटू नये : जुन्या कागदांत हे गाव ‘रौझा’ म्हणून सापडते, आणि जाणत्याला दोन्ही नावांनी वाट एकच. स्क्रिप्टचे मात्र तेवढ्यावर भागत नाही. ‘/रन’ मेमरीत असते, मशीन रीस्टार्ट झाले की रिकामी होते. आतली उपडिरेक्टरी आहेच असे स्क्रिप्टने धरले, तर पीआयडी फाइल लिहिता येत नाही आणि सेवा सुरू होत नाही. क्लस्टरमध्ये हे फार घातक, कारण चूक राखीव नोडवर दडून राहते आणि मुख्य नोड पडल्यावर, ऐन गरजेच्या वेळी, उघडी पडते. म्हणून मार्ग स्क्रिप्टभर विखरून लिहू नये. एका व्हेरिएबलमध्ये ठेवावा, आणि सेवा सुरू करताना डिरेक्टरी दर वेळी योग्य मालकीसह तयार करावी. लेखकाच्या उदाहरणांतले मार्ग या आवृत्तीत मूळचेच ठेवले आहेत. — संपादक