माडीचे दुकान ते खानावळ : आपल्या एका जुन्या व्यवसायाचा मागोवा

आपल्या ज्ञातीच्या इतिहासाविषयी जे काही लिहिले जाते, त्यात दर्यावर्दी पराक्रमास अग्रमान मिळतो आणि ते योग्यच आहे. १६७९ साली इंग्रजांच्या आरमारास न जुमानता खांदेरी बेटावर तटबंदी उभारणाऱ्या मायनाक भंडारी यांचे नाव ज्ञातीतील लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु ज्या हजारो कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढून, तालुक्याच्या गावी छोटेसे दुकान मांडून किंवा बंदरावर खानावळ चालवून प्रपंच केला, मुलांना शिकविले आणि बहिणींची लग्ने लावून दिली, त्यांच्या व्यवसायाचा इतिहास लिहिण्याचे मनावर कोणी घेत नाही. यामागे थोडा संकोच आहे, हे मान्य केले पाहिजे. तलवारीचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. गल्ल्याचा आणि चुलीचा करताना आवाज आपोआप खाली येतो. 'भंडारी' हा शब्द कोणी 'भांडारा'वरून आला असे सांगतात, कोणी 'मंडहारक' म्हणजे मद्य काढणारा या संस्कृत शब्दावरून. पहिली व्युत्पत्ती आपल्या घरांत मोठ्याने सांगितली जाते आणि दुसरी बहुधा सांगितलीच जात नाही. प्रस्तुत लेखात त्या दुसऱ्या बाजूचा थोडा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

या व्यवसायाचे पहिले संकट मालाच्या स्वभावातच होते. माडाची पोय बांधून, तिचा शेंडा रोज कापून जो रस मडक्यात उतरवितात, तो पहाटे गोड असतो. ऊन चढू लागले की फसफसू लागतो, दुसऱ्या दिवशी आंबट होतो आणि आणखी काही दिवसांनी त्याचा शिरका बनतो. धान्याचा व्यापारी भाव पडला तर पोती कोठीत ठेवून वाट पाहू शकतो. माडीवाल्यास ती सोय नव्हती. आज उतरविलेले आजच विकले पाहिजे, आणि तेही पायी नेता येईल एवढ्याच अंतरात. त्यामुळे त्याची बाजारपेठ म्हणजे त्याचे गाव आणि भोवतालच्या चार वाड्या. गिऱ्हाईक मोजके आणि ठरलेले. ते वाढावयाचे नाही, पण रुसले तर कमी मात्र व्हावयाचे. पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडावर सकाळ-संध्याकाळ चढणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. माडावरून पडून कर्ता पुरुष गेल्याची किंवा जन्माचा अधू झाल्याची हकीकत ज्ञातीतील कित्येक घरांत ऐकावयास मिळते.

दुसरे संकट सरकारी कचेरीतून आले. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला आणि व्यवसायाचे स्वरूपच पालटले. झाड आपले, चढणारे आपण, गिऱ्हाईक आपल्याच गावचे. तरीही दर झाडामागे कर आणि दर दुकानामागे परवाना अशी व्यवस्था दृढ झाली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत करवाढीविरुद्ध अर्जविनंत्या आणि गाऱ्हाणी सुरू झाली. पुढे १८९२ साली त्याच भागासाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा आला. सरकारचा हेतू गुप्तपणे गाळल्या जाणाऱ्या दारूस आळा घालण्याचा आणि उत्पन्न वाढविण्याचा होता. छोट्या माणसाच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा झाला की, ज्याच्यापाशी कौशल्य होते त्याच्यापेक्षा ज्याच्यापाशी भांडवल होते त्याचे पारडे जड झाले. लिलावात अधिक बोली लावणारा मक्तेदार दुकानाचा धनी झाला आणि ज्याच्या बापजाद्यांनी ती विद्या सांभाळली, तो अनेक ठिकाणी त्याच दुकानास माडी पुरविणारा मजूर बनला.

तिसरा आघात स्वराज्यात झाला. मुंबई राज्याचा मद्यनिषेध कायदा १९४९ साली झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. दारूपायी उद्ध्वस्त झालेले संसार आपल्या ज्ञातीनेही पाहिले आहेत. त्या चळवळीमागील कळकळ खोटी होती असे म्हणण्याचे पाप आम्ही करणार नाही. आजही महाराष्ट्रात 'आडवी बाटली' या चिन्हावर मत देऊन महिला मतदारांना गावातील दुकान बंद करविता येते, आणि तो अधिकार न्याय्यच आहे. परंतु ज्याचा धंदा एका कायद्याने बंद होतो, त्याच्या चुलीचे काय, हा प्रश्न त्या वेळी पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही. नीरा विकण्यास परवाने ठेवण्यात आले. पण नीरा म्हणजे न आंबलेला रस, आणि तो न आंबता टिकविण्यासाठी जी थंड साठवण लागते ती कोकणातील तालुक्याच्या गावी १९५० साली कोठून यावी? ज्यांना शेती होती ते शेतीकडे वळले, पुष्कळांनी मुंबईची वाट धरली आणि काहीजण चोरट्या मार्गाला लागून पोलिसांच्या दप्तरात गेले. पुढे महाराष्ट्र सरकारचे धोरण सैल होत गेले. १९६८ साली ताडीच्या दुकानांच्या परवान्यांचे आणि १९७३ साली देशी मद्याचे नियम आले. मूळ कायदा मात्र रद्द झाला नाही. गावोगावच्या पाट्यांवर दिसणारा 'परमिट रूम' हा शब्द त्याच दारूबंदीच्या काळाची आठवण आहे. पण मधल्या दोन दशकांत एक संपूर्ण पिढी माडावर चढण्याचे विसरून गेली होती.

आता खानावळीकडे वळू. माडीच्या दुकानालगत तळलेल्या मासळीचा किंवा उसळीचा तवा असणे ही जुनीच रीत होती. दुकान गेले तरी ज्यांच्या घरातील चूल पेटती राहिली, त्यांना खानावळीचा आधार सापडला. छोट्या गावातील खानावळ कोणाच्या जिवावर चालते? परगावाहून बदलून आलेले शिक्षक आणि कारकून हे महिन्याचे 'मेंबर'. कोर्टाच्या तारखेस येणारे पक्षकार, आठवडी बाजारास येणारे शेतकरी आणि वाहनाची वाट पाहणारे प्रवासी. यांपैकी मेंबर तेवढे निश्चित. बाकीचा सारा भरवसा वाटेवर. आणि वाट कोठून जावी हे खानावळवाल्याच्या हाती कधीच नव्हते.

किनाऱ्यावरील आगबोटींचा काळ आठवावा. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले या बंदरांत बोट लागली की काही तास खानावळी गजबजून जात. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे ते तीन-चार महिने उत्पन्नही बंद. भाडे, सरपण आणि नोकराचा पगार मात्र चालूच. १९४८ साली राज्य परिवहनाची सेवा सुरू झाली आणि हळूहळू गावाचा उंबरठा बंदरावरून एस. टी. स्थानकाकडे सरकला. ज्यांनी वेळेवर स्थानकाजवळ जागा घेतली ते तरले. ज्यांचे घर बंदरावर होते त्यांच्या पाटांवर धूळ साचली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण तिची स्थानके पुष्कळ ठिकाणी गावापासून दूर पडली. सावंतवाडीचे स्थानक मळगावास आहे. तेथे उतरलेला पाहुणा बाजारपेठेत फिरकेलच असे नाही. आता रुंद झालेला महामार्ग काही गावांना वळसा घालून जातो, तर काही ठिकाणी गावाच्या डोक्यावरून पुलाने निघून जातो. दर पिढीत वाट बदलली आणि दर पिढीत खानावळवाल्यास भांडी उचलून तिच्यामागे जावे लागले.

खानावळीत कोणी कोठे बसावे हाही प्रश्न गावाने मालकापुढे टाकलेला असे. मोठ्या शहरात शेजारच्या पाटावर कोण बसले आहे हे कोणी विचारीत नाही. लहान गावात सर्वांना सर्वांची जात ठाऊक. चहाच्या दुकानांत अस्पृश्यांसाठी निराळे पेले ठेवण्याची लाजिरवाणी रीत महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. जो मालक ती मोडू पाही, त्यास बाकीची गिऱ्हाइके गमावण्याचे भय असे. या पार्श्वभूमीवर रत्नागिरीचे उदाहरण मोलाचे आहे. स्थानबद्धतेच्या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने तेथे १९३३ साली अखिल हिंदू उपाहारगृह निघाले आणि सर्व जातींच्या हिंदूंना एकत्र बसून चहा-फराळ घेण्याची सोय झाली. त्याच्या दोन वर्षे आधी, १९३१ साली, सर्वांस खुले असलेले पतितपावन मंदिर आपल्या ज्ञातीचे दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने उभे राहिले होते. १९५० च्या राज्यघटनेने उपाहारगृहात जातीवरून मज्जाव करणे निषिद्ध ठरविले आणि १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे दंडनीय झाले. मालकाच्या दृष्टीने पाहता या कायद्यांनी त्याच्या हाती एक ढाल दिली : 'मी काय करू, कायदाच आहे' असे म्हणून गावाचा रोष त्यास टाळता आला.

परंतु छोट्या गावातील धंदा बुडतो तो सर्वांत जास्त कशाने, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर एकच आहे : उधारीने. शहरातील गिऱ्हाईक अनोळखी असते. पैसे टाकते, जेवते, निघून जाते. येथे समोर बसलेला माणूस मुलाचा शिक्षक असतो, सोयरा असतो, शेजारचा शिंपी असतो किंवा ज्याच्या सहीशिवाय परवाना पुढे सरकत नाही तो अधिकारी असतो. त्यास 'आधी मागचे द्या' असे म्हणावे तर संबंध तुटतो. न म्हणावे तर दुकान तुटते. जो मालक वसुलीस कठोर, त्याच्याविषयी 'माणुसकी नाही' असा बोभाटा होतो. जो मऊ, त्याची वही जाड होते आणि गल्ला रिकामा राहतो. शिवाय दर वाढविणेही सोपे नाही. मासळी महागली तरी कालच्या दराने जेवणारा मेंबर आज एक रुपया जास्त द्यावयास तयार नसतो. जून-जुलैतील मासेमारीबंदी, त्यामागून येणारा श्रावण आणि गणेशोत्सव, या काळात मत्स्याहारी खानावळीचा निम्मा फळा कोराच राहतो.

अलीकडच्या दोन प्रसंगांनी जुना धडा पुन्हा शिकविला. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांलगतची मद्यविक्री थांबविण्याचा आदेश दिला. १ एप्रिल २०१७ पासून पाचशे मीटरांच्या आतील आणि वीस हजारांपर्यंत लोकवस्ती असलेल्या गावांत दोनशेवीस मीटरांच्या आतील दुकानांवर तो लागू झाला. रस्त्यावरील अपघात टाळण्याचा त्यामागील हेतू स्तुत्य होता. पण कोकणातील किंवा गोव्यातील पुष्कळ छोट्या गावांची बाजारपेठ म्हणजेच महामार्ग. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस नदी किंवा शेती. दोनशेवीस मीटर मागे सरकावयाचे तर सरकावे कोठे? जुलै २०१७ मध्ये नगरपालिका क्षेत्रांस सूट असल्याचे स्पष्ट झाले आणि २०१८ साली ग्रामपंचायतींविषयीचा निर्णय राज्यांवर सोपविण्यात आला. तोपर्यंतचे महिने ज्यांनी भाडे आणि हप्ते भरीत काढले, तेच जाणोत. दुसरा प्रसंग मार्च २०२० च्या टाळेबंदीचा. महाराष्ट्रात बसून जेवण्याची मुभा मिळाली ती ५ ऑक्टोबर रोजी, आणि तीही निम्म्या जागांपुरती. त्या सहा महिन्यांत जे तग धरून राहिले ते बहुधा घरच्या स्वयंपाकघरातून डबे पोहोचविणारे होते.

येथे एका गोष्टीचा उल्लेख न करणे कृतघ्नपणा ठरेल. पाटीवर नाव पुरुषाचे, परवाना पुरुषाचा, पण पहाटे उठून वाटण वाटणारी, मासळी पारखून घेणारी आणि रात्री शेवटचे भांडे घासून निजणारी आपली माता-भगिनीच होती. पती माडावरून पडल्यावर किंवा मुंबईस जाऊन परत न आल्यावर चार मेंबरांना जेवू घालून ज्यांनी मुले वाढविली, अशा स्त्रिया आपल्या ज्ञातीत घरोघर होऊन गेल्या. हिशेबाच्या वहीत मासळीचा खर्च लिहिला जाई, सरपणाचा लिहिला जाई. तिच्या श्रमांचा कधी लिहिला गेला नाही. ते मोल मांडले असते तर फायद्यात दिसणाऱ्या कित्येक खानावळी तोट्यात निघाल्या असत्या.

आज सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून नावारूपास आला आहे. मालवणी जेवणाच्या पाट्या पुण्या-मुंबईत झळकतात आणि २००९ साली गोव्याच्या काजू फेणीस भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या विद्येचा आपण संकोच केला, तिचा इतरांनी गौरव केला. म्हणून या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या ज्ञातीतील तरुण-तरुणींस आमचे सांगणे एवढेच की, दीडशे वर्षांच्या या इतिहासाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. परवाना हा सरकारचा असतो आणि तो एका आदेशाने जातो. वाट बांधकाम खात्याची असते आणि ती एका आराखड्याने वळते. हातची चव आणि चोख हिशेब तेवढे आपले असतात. परवान्यावर घर बांधू नये, चुलीवर बांधावे. उधारीस मर्यादा घालून ती भिंतीवर लिहावी, म्हणजे ती कोणा एकास लागत नाही. आणि घरातील स्त्रीच्या श्रमांचा पगार पहिल्या दिवसापासून वहीत मांडावा.

ज्ञातिबांधवांस आणखी एक विनंती. आपल्या माळ्यावर जुने परवाने, लिलावाच्या पावत्या, मेंबरांच्या वह्या, खानावळीची पाटी असे काही पडले असेल तर ते रद्दीत घालू नये. त्याच्या नकला करून संघाच्या कार्यालयात जमा कराव्यात. घरातील वृद्धांना माड कसा बांधत, मडके कसे लावीत, कोणत्या वाराला किती ताटे उठत, हे विचारून लिहून काढावे. मायनाक भंडारी यांचा पराक्रम इंग्रजांच्या पत्रव्यवहारातही नमूद झाला म्हणून आज आपल्यास ठाऊक आहे. आपल्या आजीच्या खानावळीची नोंद परका कोणी करणार नाही. ती आपल्यालाच केली पाहिजे.