वाट कोणी कोणाला द्यायची?

१/
डोंगरातली अरुंद वाट. समोरून घोडेस्वार येतो आहे, मागून सायकल, आणि मधे तुम्ही पायी. थांबायचे कोणी? एका देशाच्या संसदेने याचे उत्तर थेट कायद्यात लिहिले. दुसरीकडे ते ठरण्याआधीच सायकली उतारावर सुटल्या आणि सायकलस्वारांना वाटाच गमवाव्या लागल्या.

२/
आरंभ इंग्लंडमध्ये. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण, त्यांत बहुसंख्य कामगार, जमीनमालकांची मनाई मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चढले. त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक वाटांची नकाशांवर अधिकृत नोंद सुरू झाली : पायवाट वेगळी, घोडेवाट वेगळी. सायकलीला मात्र यांपैकी कशावरच हक्क नव्हता.

३/
तो मिळाला १९६८ च्या ‘कंट्रीसाइड ॲक्ट’ने. कलम ३० नुसार इंग्लंड व वेल्समधील घोडेवाटांवर सायकल चालवण्याचा हक्क सर्वांना प्राप्त झाला. पण त्याच वाक्यात अट घातली गेली, की सायकलस्वाराने पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यावी. हक्क आणि सौजन्य यांना एकाच वाक्यात बांधणारे असे कलम विरळाच.

त्यातली दुसरी मेख तर अधिक रंजक आहे. सायकलस्वारांच्या सोयीसाठी वाटेत काही करण्याचे बंधन या कलमाने कोणावरही घातले नाही. म्हणजे चिखल असो की खडक, नव्याने आलेल्याने वाट आहे तशी स्वीकारायची. कोरड्या सरकारी भाषेतला हा शहाणपणा मला फार आवडतो.

४/
घोड्याला एवढा मान का? त्यामागे सरंजामी थाटापेक्षा प्राण्याचा स्वभाव अधिक आहे. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. मागून निःशब्द, वेगाने काही आले की तो बिथरतो, आणि पडतो स्वार किंवा शेजारून चालणारा. म्हणून लांबूनच वेग कमी करावा, आवाज द्यावा. माणसाचा आवाज घोड्याच्या ओळखीचा असतो. (दस्तुरी नाक्यापासून माथेरानला पायी गेलेल्यांना घोडा आल्यावर कडेला होण्याची सवय असेलच.)

५/
आता कॅलिफोर्नियातील मरीन परगणा. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरी रस्त्यावर काही तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकलींची शर्यत लावली. दोन मैलांच्या आसपास लांबी, सुमारे १३०० फुटांचा उतार. उलटे पेडल मारून लागणारे त्यांचे ब्रेक इतके तापत की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नाव ‘रिपॅक’. गॅरी फिशरने हा उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत कापला. आजच्या माउंटन बाइकच्या जडणघडणीत या उताराचा मोठा वाटा आहे.

६/
तो वेग शर्यतीपुरता राहिला नाही. ज्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या लोक पायी वा घोड्यावरून फिरत, तिथल्या वळणांवर अचानक सायकली येऊ लागल्या. तक्रारी झाल्या, भांडणे झाली. माउंट टॅमलपायसच्या परिसरात बहुतेक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद वनरस्त्यांवर ताशी १५ मैल आणि आंधळ्या वळणांवर ताशी ५ मैल अशी मर्यादा आली. ती मोडणाऱ्यांसाठी रखवालदारांनी रडारही हाती घेतले! ज्या परगण्यात हा खेळ वाढला, तिथेच त्याला सर्वांत कडक दारे लागली.

७/
अखेर १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील सायकल मंडळांनी एकत्र येऊन ‘इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन’ स्थापन केली. वाटा खुल्या राहाव्यात यासाठी तिने सायकलस्वारांपुढे आचारनियम ठेवले : ताबा सोडू नका, प्राण्यांना बिथरवू नका, इतरांना वाट द्या.

अमेरिकेतल्या अनेक वाटांच्या तोंडाशी आज एक पिवळा त्रिकोण दिसतो. त्यावर सायकल, पादचारी आणि घोडा अशी तीन चित्रे आहेत. बाण सांगतात : सायकलस्वाराने दोघांनाही वाट द्यावी, पादचाऱ्याने घोड्याला. १९६८ च्या कलमात पादचारी आणि घोडेस्वार यांच्यात आधी कोण, हे सांगितलेले नव्हते. त्रिकोणाने तेही ठरवून टाकले.